जुन्या मोटारीचा खरा रेडिएटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णा सोडून तिगावला पोचली, की सातपुड्याची चढण समोर उभी राहते. तिगाव ते चिचोंडा हा घाटाचा टप्पा आहे. जड मालगाड्यांना या चढणीवर मागून ढकलणारे जादा इंजिन लावावे लागते. ज्यांचे बालपण तिगावात गेले त्यांना या इंजिनाचे मोठे अप्रूप असे. माझे आजोळ तिगावचे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले घाटाकडे तोंड करून बसत असू आणि गाडी चढते की थांबते यावर पैजा लावीत असू.

आजोबांच्या मोटारीला मात्र मागून ढकलायला कोणी नव्हते. मुलताईला, म्हणजे तापीच्या उगमाला, जावयाचे म्हटले की अर्ध्या चढणीवर बॉनेटखालून वाफ येऊ लागे. मग मोटार कडेला उभी करावयाची, ओले गोणपाट रेडिएटरवर टाकावयाचे आणि पत्र्याच्या डब्यातले पाणी ओतण्यापूर्वी बराच वेळ मुकाट्याने बसून राहावयाचे. आम्हा मुलांना त्या बसण्याचा कंटाळा येई. “तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर लोखंड तडकते,” असे आजोबा सांगत. त्या वाक्यातले शास्त्र पुष्कळ वर्षांनी कळले. ओतीव लोखंड एका बाजूने तापलेले असताना दुसऱ्या बाजूने एकाएकी गार झाले, तर ते असमान आकसते आणि त्याला भेग पडते. भेग पडलेला ठोकळा म्हणजे मेलेली मोटार.

श्रोतेहो, ही मोटार आज पुन्हा उभी करावयाची असे माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी ठरविले. संत्र्याच्या बागेतील शेडमध्ये ती कित्येक वर्षे पडून होती. रंग, गाद्या, काचा, टायर यांची व्यवस्था पैशाने होते, हे आम्हांला लवकरच समजले. जे पैशानेही सहज मिळेना, ते होते तिचे पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे रेडिएटर. त्या शोधाची हकिकत आणि त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत.

प्रथम मोटारीची ओळख करून देतो. ती 1956 सालची फियाट 1100. जाणत्या श्रोत्यांच्या ओठांवर तिचे दुसरे नाव लगेच आले असेल: ‘डुक्कर फियाट’. पुढून गोलसर, बुटकी आणि नाकपुढी, म्हणून लोकांनी प्रेमाने ठेवलेले हे नाव. तिचे पुढचे दरवाजे आजच्या मोटारीच्या उलट बाजूने उघडतात आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला असतो. मूळची ती इटलीतील ट्यूरिनची; परंतु आपल्याकडील मोटारी वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. सोलापूरच्या या उद्योगपतीने जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात बांधण्याचा ध्यास घेतला होता. कुर्ल्याला प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी जुळविल्या जात; फियाट 1100 चे पर्व 1954 सालापासून सुरू झाले.

आता रेडिएटरचे काम काय, ते थोडक्यात सांगतो. कारण ते समजल्याशिवाय ‘खरा’ भाग कोणता हा प्रश्नच समजावयाचा नाही. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा लहानसा वाटाच चाके फिरविण्याच्या कामी येतो. पुष्कळशी धुराबरोबर जाते आणि साधारण एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळते. हे पाणी वरच्या टाकीत येते, तेथून बारीक चपट्या नळ्यांच्या जाळीतून खाली उतरते, वाटेत वाऱ्याला आपली उष्णता देते आणि खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनात जाते. वरची टाकी, मधली जाळी आणि खालची टाकी, एवढाच हा संसार.

पण तो सुचावयास वेळ लागला. 1886 सालच्या बेंझच्या मोटारीत पाणी नुसते उकळून उडून जाई आणि वरून नवे घालावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने 1901 सालच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. वाऱ्याला स्पर्श करावयास इतका पृष्ठभाग मिळाल्याबरोबर थोडक्या पाण्यात मोठे इंजिन थंड राहू लागले. जोरदार मोटारीचा मार्ग खऱ्या अर्थाने त्या दिवशी मोकळा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर बरीच दशके रेडिएटर तांब्यापितळेचे होते. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, पितळेच्या टाक्या ठोकून घडविता येतात आणि दोन्ही कथिल-शिशाच्या डाखाने झाळता येतात. म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत जे शास्त्र पिढ्यान् पिढ्या हंडे-घागरींसाठी चालत आले, त्याचेच हे चुलतभावंड. पुढे 1970 नंतरच्या काळात ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्या हलक्या आणि स्वस्त खऱ्या. परंतु प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली, की ती बहुधा फेकूनच द्यावी लागते. जुना रेडिएटर दुरुस्त करण्यासाठीच जन्माला आला होता. हा फरक ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आम्ही शेडचे दार उघडले तेव्हा मोटारीच्या नाकामागे एक रेडिएटर होता. पण तो तिचा नव्हता. याच कुळातील पुढच्या काळातल्या मोटारीचा तो असावा, असे गावच्या मिस्त्रीने पाहताक्षणीच सांगितले. कोणा एके काळी गरज म्हणून तो बसविला गेला होता. ‘बसविला’ म्हणजे कसा, तर पत्र्याच्या पट्ट्या वाकवून, दोन भोके नवी पाडून आणि वरचा रबरी नळ ओढून. त्या ओढीने नळाला तोंडाशी चिरा पडल्या होत्या. घाटात पाणी का जाई, याचे अर्धे उत्तर तेथेच मिळाले.

मामांचा पहिला विचार व्यवहाराचा होता. नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मापाने करून घ्यावा आणि मोकळे व्हावे. तो स्वस्त पडला असता आणि, खरे बोलावयाचे तर, पाणीही उत्तम थंड ठेवता. मग जुन्याच्या मागे का लागावयाचे? मीही हा प्रश्न स्वतःला विचारला. मोटारीचा अभिमानी म्हणेल, पैजेसाठी. व्यापारी म्हणेल, किमतीसाठी. मला वाटते, कारण निराळे आहे. जुनी मोटार दुरुस्त करावयाची ती केवळ चालावी म्हणून नव्हे. चालण्यासाठी नव्या मोटारी उदंड आहेत. तिच्या काळातील माणसे विचार कशी करीत आणि हातांनी काय करू शकत, याचा ती पुरावा आहे. आणि पुराव्यात फेरफार करावयाचा नसतो.

हाच विचार जगभर मान्य होत गेला आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघाने, म्हणजे 1966 साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ या संस्थेने, 2012 साली एक सनद स्वीकारली. योगायोग असा, की तिला नाव आहे ट्यूरिनचे, आमच्या फियाटच्याच जन्मगावाचे. जुन्या इमारतींना जो न्याय लावतात तो ती मोटारीला लावते: हात शक्य तितका कमी लावा, जे मूळचे आहे ते राखा, बदलावेच लागले तर त्या काळच्या जिनसांनी आणि रीतीने बदला, आणि काय बदलले त्याची नोंद ठेवा. आपल्याकडेही 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार झालेले चालत नाहीत. रेडिएटरचे नाव त्या नियमात नाही. म्हणजे कायद्याने आम्ही मोकळे होतो. अडचण होती ती मनाची.

तेव्हा शोध सुरू झाला. आणि पहिल्याच पावलाला एक अनपेक्षित कोडे पडले: 1956 सालच्या भारतीय फियाटचा ‘मूळ’ रेडिएटर म्हणजे तरी कोणता?

ही शंका पोकळ नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्याकडील पुष्कळ मोटारी सुट्या भागांतून जुळविल्या जात. भाग पेट्यांतून बोटीने येत. मग 1953 साली जकात मंडळाच्या शिफारशीनंतर सरकारने ठरविले, की जे कारखाने भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच पुढे चालावे. शिवडीला 1928 पासून मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स 1954 साली निघून गेली. जे राहिले त्यांनी एकेक भाग देशी करीत नेला. तेव्हा एकाच सालच्या दोन मोटारींत एक भाग इटलीचा आणि दुसरा येथला असणे अगदी शक्य आहे. ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो त्यावर ट्यूरिनचीच मुद्रा हवी, हा हट्ट म्हणूनच चुकीचा. कुर्ल्याच्या मोटारीला कुर्ल्याच्या काळात जे बसविले गेले, ते तिचे अस्सल.

शोधाची साधने कोणती? पहिले साधन कागद. प्रत्येक मोटारीची सुट्या भागांची सूची छापली जात असे. तीत भागाचे चित्र आणि क्रमांक असतो. दुसरे साधन दुरुस्तीची पुस्तिका आणि त्या काळची छायाचित्रे. आमच्या घरी एका लग्नाचा फोटो निघाला. त्यात बॉनेट उघडून काका पाणी घालीत उभे होते. वरच्या टाकीचा आकार आणि झाकणाची जागा त्यात स्पष्ट दिसत होती. लग्नाच्या फोटोचा असा उपयोग होईल, हे त्या छायाचित्रकाराच्या स्वप्नीही नसेल! 

तिसरे आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे फूटपट्टी. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी. नळ्यांच्या रांगा किती. एका इंचात पातळ पाती किती. वरच्या-खालच्या नळांच्या तोंडांचा व्यास आणि त्यांचा कल. बोल्टांच्या भोकांमधले अंतर. पाणी सोडण्याच्या तोटीची जागा. एवढे लिहून घेतल्याखेरीज बाजारात पाऊल टाकू नये. कारण बाजारात प्रत्येक वस्तू ‘फियाटचीच’ असते.

झाकणाविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण येथे पुष्कळजण फसतात. रेडिएटरचे झाकण म्हणजे तपेल्यावरची झाकणी नव्हे. त्यात स्प्रिंग असते आणि ती ठराविक दाबापर्यंत वाफ कोंडून धरते. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला, तर उकळण्याचा बिंदू सुमारे पावणेदोन अंश सेल्सियसने वर जातो. सात पौंडांचे झाकण असेल तर बारा अंशांच्या आसपास सवलत मिळते. घाटात ही सवलत फार मोलाची. कारण जसजसे उंच जावे तसतसे पाणी लवकर उकळते. मग एखादा म्हणेल, आजच्या मोटारीचे तेरा-पंधरा पौंडांचे झाकण लावले तर? तर जुन्या पितळी टाकीचे झाळलेले सांधे उसवतील. आणि झाकणाच्या तोंडाची खोलीही दोन प्रकारची असते. उथळ तोंडाचे झाकण खोल मानेवर लावले, तर ते नुसते टोपीसारखे बसते, दाब काही धरीत नाही. एवढ्याशा झाकणाने इंजिन जाते.

नागपूरच्या भंगार दुकानांतून आम्ही आठ दिवस हिंडलो. मुंबईला चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो. मोटार जेथे जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव शोधीत हिंडावे, हा अनुभव मन थोडे हलविणारा होता. तेथे कळले, की आपण उशिरा आलो. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी मोठ्या संख्येने गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर या कुळाचे पुष्कळ सामानही वितळून गेले. त्यांतली शेवटची टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. तांब्यापितळेच्या रेडिएटरचे एक दुर्दैव असे, की तो वजनावर चांगला विकला जातो. लोखंड गंजत पडून राहते म्हणून कधीतरी सापडते. पितळ मात्र ताबडतोब मुशीत जाते. ज्याला बाजारात भाव आहे तेच आधी नाहीसे व्हावे, हा न्याय विचित्र आहे खरा.

एका ठिकाणी आम्हांला ‘अगदी मूळचा’ म्हणून एक रेडिएटर दाखविला. किंमत ऐकून मामा खुर्चीवर बसले. मी फूटपट्टी काढली. नळांचा व्यास जुळत होता, परंतु बोल्टांच्या भोकांत जवळजवळ बोटभर अंतर पडत होते आणि टाकीवरचा जुनेपणा नखाने खरवडला तर निघून येत होता. आम्ही नमस्कार करून उठलो.

शेवटी नागपुरात एका जुन्या गल्लीत रेडिएटरचे काम करणारे एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी आमची मापे पाहिली, लग्नाचा फोटो पाहिला आणि उलट आम्हांलाच विचारले, “भाऊ, जुना काढला तो कुठी गेला?” मामा म्हणाले, गेला असेल भंगारात. म्हातारबुवांनी मान हलविली. “खेड्यात पितळ कोणी फेकत नाही. घरी पाहा.”

आम्ही तिगावला परत आलो. दोन दिवस शेड, माळा आणि गोठा धुंडाळला. तिसऱ्या दिवशी मामींना आठवण झाली. संत्र्याच्या जुन्या पेट्यांच्या ढिगामागे, गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेले एक ओझे होते. आजोबांनी रेडिएटर बदलला, पण जुना टाकला नव्हता. गाठ त्यांच्याच हातची होती. ती सोडताना कोणी काही बोलले नाही.

जाळी पार गेलेली होती. विहिरीच्या जड पाण्यातला चुना नळ्यांत दगडासारखा बसला होता आणि पाती चुरगळली होती. पण दोन्ही टाक्या, झाकणाची मान, बाजूच्या पट्ट्या आणि तोटी, सारे शाबूत होते. कारागिराने वरची टाकी हातात घेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, “टाकी सोन्यासारखी हाय. जाळी तेवढी नवी घालू. याले फेकू नका.”

श्रोतेहो, आमच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. मूळ रेडिएटर शोधणे म्हणजे बाजारात न वापरलेला कोरा भाग मिळविणे, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः टाक्या आणि चौकट हा रेडिएटरचा देह. जाळी ही झिजण्यासाठीच असते. तिला बदलणे ही त्या वस्तूची रीतच आहे. कारागिराने सांधे तापवून टाक्या सोडविल्या, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात त्या उकळल्या, तितक्याच रांगांची आणि तितक्याच जाडीची तांब्याची जाळी मिळवून बसविली आणि पुन्हा झाळले. मग तोंडे बंद करून, हलका दाब देऊन, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडविला. आम्ही सारे हौदाभोवती वाकून बुडबुडा येतो का ते पाहत होतो. एक आला. म्हातारबुवांनी तेथे खडूची खूण केली, डाखाचा एक थेंब दिला आणि पुन्हा बुडविला. मग पाणी स्थिर राहिले.

रंगही त्यांनी पातळच दिला. जाड रंगाने जाळी चकचकीत दिसते, पण तो उष्णतेला घोंगडीसारखा अडवतो. आणि निघताना बजावले, की विहिरीचे पाणी घालू नका. शुद्ध केलेले घाला, नाही तर पावसाचे धरून ठेवा. खालच्या टाकीच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आम्ही जाळी बदलल्याचे साल कोरून घेतले. पुढे कोणी ही मोटार उघडील, त्याला काय जुने आणि काय नवे ते कळावे, एवढाच हेतू.

जे श्रोते अशा एखाद्या मोटारीच्या मागे लागले असतील त्यांना माझे सांगणे थोडके आहे. जुना भाग निकामी दिसला तरी नवा हाती येऊन बसेपर्यंत, आणि त्यानंतरही, तो टाकू नका. मापे लिहून ठेवा. घरातले फोटो पाहा. आणि ज्यांच्या हातांत हे झाळकाम आहे अशी माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याकडे काम घेऊन जा. आमच्या कारागिराच्या दुकानात त्यांच्याखेरीज दुसरे कोणी काम करीत नव्हते. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, असे त्यांनी सांगितले; त्यात तक्रार नव्हती. पण सुटे भाग नाहीसे झाले तरी हात असतील तर ते पुन्हा घडविता येतात. हात नाहीसे झाले, तर कोठारात ठेवलेले भागही एक दिवस निरुपयोगी होतात. मूळ भागाचा शोध म्हणता म्हणता आम्हांला खरा तुटवडा कशाचा आहे, ते त्या गल्लीत कळले.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही मोटार घेऊन मुलताईला गेलो. वर्षाचा तो गार काळ होता, म्हणून फुशारकी मारीत नाही. वैशाखात काय होते ते वैशाखातच कळेल. पांढुर्णा सोडून घाट लागला, तसे मामांनी सवयीने पाण्याचा डबा पायाशी ओढून घेतला. दूर रुळांवरून एक मालगाडी चढत होती आणि मागचे इंजिन तिला रेटीत होते. आम्ही कोठेही थांबलो नाही. माथ्यावर पोचल्यावर मामांनी मोटार उभी केली, बॉनेट उघडले आणि वरच्या टाकीवर हात धरून पाहिला. मग डबा उघडून त्यातले पाणी आम्ही सर्वांनी पिऊन टाकले.